घरच्या ओव्हनमधला फास्टफूड यीरोस: खिम्यापासून रोलपर्यंत

यीरोस (कुणी गायरोज म्हणतं) म्हणजे भाजलेल्या मांसाचे काप पीटा या जाड, मऊ रोटीत गुंडाळलेला ग्रीक रोल. तो घरी करून पाहिलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते. चव जवळपास जमली, पण खाताना सीख कबाब पोळीत भरल्यासारखं वाटलं. मांस भुसभुशीत, पीटा फाटलेला आणि सॉसचं पाणी मनगटापर्यंत. मग दोष मसाल्यावर जातो आणि पुढच्या वेळी ओरेगानो दुप्पट पडतो. मसाला बिचारा ठीकच असतो. बिघडतं ते पाण्यामुळे, तापमानामुळे आणि पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे.

दुकानात काय चालतं ते एकदा नीट पाहा. उभ्या सळईवर मांसाचा मोठा शंकू फिरत असतो आणि आच एका बाजूने लागते. बाहेरचा थर खरपूस झाला की तेवढाच तासून घेतात. त्याखालचा थर उघडा पडतो आणि आता त्याची भाजायची पाळी येते. शिजणं आणि खरपूस होणं, दोन्ही कामं यंत्र एकाच वेळी करतं. घरच्या ओव्हनला हे जमत नाही. म्हणून घरी कामाचे दोन भाग करावे लागतात: आधी मंद आचेवर पूर्ण शिजवायचं, मग गार करून, पातळ कापून, तव्यावर खरपूस करायचं. जे फसतात ते ही दोन कामं एकाच फेरीत उरकायला जातात.

## आधी ठरवा: कोणता यीरोस?

दोन जाती आहेत आणि त्यांची कृती वेगळी आहे.

ग्रीसमध्ये बहुतेक ठिकाणी डुकराच्या मांसाचे, नाहीतर कोंबडीचे पातळ काप मसाल्यात मुरवून सळईवर एकावर एक रचतात. तिथे खिमा नसतो. पीटात टोमॅटो, कांदा, जात्झिकी (चक्का-काकडीचा सॉस) आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडीही आतच घालतात.

अमेरिकेत, विशेषतः शिकागोच्या फास्टफूड दुकानांतून जो पसरला तो खिम्याचा. बीफ आणि लॅम्ब बारीक वाटून, घट्ट दाबून शंकू करतात. हे शंकू कारखान्यातून गोठवलेले येतात आणि दुकानदार ते सळईवर चढवतो. म्हणून प्रत्येक काप एकसारखा, गुळगुळीत, लांब पट्टीसारखा निघतो. फ्राइज बहुधा बाजूला असतात.

या लेखातला मुख्य भाग दुसऱ्या जातीचा आहे, कारण लोक तीच करायला जातात आणि तीच जास्त फसते. कापांच्या यीरोसची कृती पुढे थोडक्यात दिली आहे. दोन्हींची भेसळ मात्र करू नका. खिम्याला दह्यात मुरवणं किंवा कापांच्या थरांत खिमा भरणं, याने दोन्हीकडची मजा जाते.

## तयारी

वेळेचं गणित आधी मांडा. एका संध्याकाळी उठून यीरोस होत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी: खिमा वाटून फ्रिजमध्ये, चक्का टांगून फ्रिजमध्ये.
दुसऱ्या दिवशी सकाळी: भाजणं, वजन ठेवून दाबणं, गार करणं.
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी: पीटा, काप, तवा, रोल.

८ रोलसाठी मांस

- मटणाचा खिमा ८०० ग्रॅम
- मटणाची चरबी २०० ग्रॅम
- मीठ १८ ग्रॅम (साधारण ३ सपाट छोटे चमचे)
- कांदा १ मोठा, साधारण १५० ग्रॅम
- लसूण १० ते १२ पाकळ्या
- सुका ओरेगानो २ मोठे चमचे
- भरड मिरपूड १ छोटा चमचा
- जिरेपूड १ छोटा चमचा
- सुकी रोझमेरी चुरडून अर्धा छोटा चमचा
- ब्रेडचा सुका चुरा ३० ग्रॅम

चरबीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मा यीरोस तिथेच ठरतो. आपल्याकडे मटण म्हणजे बोकडाचं आणि त्यात चरबी कमी असते. नुसत्या खिम्याचा यीरोस कोरडा आणि रबरी होतो. मटणवाल्याकडे चरबी वेगळी मागा. खांदा आणि सीना यांचं मांस घेतलंत तर उत्तम. मांस आणि चरबी एकत्रच मशीनमधून दोनदा काढायला सांगा. अमेरिकेत किंवा युरोपात राहत असाल तर दुकानातल्या लॅम्बच्या खिम्यात बहुधा २० टक्क्यांच्या आसपास चरबी असतेच. पाकिटावर वाचा आणि तेवढी असेल तर वेगळी घालू नका.

ब्रेडचा चुरा ग्रीक माणसाला चालणार नाही. पण आपण फास्टफूडची नक्कल करतोय आणि शिजताना सुटणारा रस धरून ठेवायला तो उपयोगी पडतो. घाला, लाजू नका.

सावध: खिमा धुऊ नका. घरोघरी मटण धुण्याची सवय आहे आणि खिमाही चाळणीत धरून नळाखाली धुतला जातो. इथे ते केलंत की पुढचं काहीही करून उपयोग नाही. ते पाणी खिम्यातून निघत नाही, मिश्रण बांधलं जात नाही आणि ओव्हनमध्ये मांस स्वतःच्याच पाण्यात उकडतं. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर अखंड तुकडा धुवा, पंच्याने कोरडा करा आणि मग खिमा करा.

ओरेगानो. पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुड्या साठवून ठेवल्या असतील तर त्या इथे चालणार नाहीत. त्या पुडीत ओरेगानोबरोबर बहुधा मीठ, मिरची, लसूण वगैरे असतं, त्यामुळे मिठाचा अंदाज चुकतो. बाटलीतला नुसता सुका ओरेगानो आणा. त्याऐवजी ओवा घालावा असा मोह होतो, कारण दोघांचा वास एकाच घराण्यातला आहे, पण ओव्याची धार फार तीव्र असते. ओरेगानोच्या जोडीला चिमूटभर घातलात तर चालेल, त्याच्या जागी नको.

आणि आलं, गरम मसाला, कोथिंबीर, हिरवी मिरची यांपैकी काहीही नको. यातलं एक जरी पडलं तरी ताटात कबाबच येणार.

## टप्पा १: कांद्याचं पाणी काढणं

कांदा किसा. किसात चिमूटभर मीठ घालून १० मिनिटं ठेवा. मग पंच्यात बांधून पिळा, आणि हात दुखेपर्यंत पिळा. १५० ग्रॅम कांद्याचा जेमतेम मूठभर चोथा उरला पाहिजे. निघालेला रस फेकू नका. कापांचा यीरोस कराल तेव्हा मुरवायला तो फार चांगला लागतो.

कांदा मिक्सरमध्ये खिम्याबरोबरच फिरवला तर काम वाचतं, हे खरं आहे. पण मग हे सगळं पाणी मांसात जातं. बिघडलेल्या यीरोसची चौकशी केली की कांद्यापाशी येऊन थांबते असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

## टप्पा २: गार करून वाटणं

इथे घाई केलीत तर पुढे सावरता येत नाही.

मीठ मांसातली प्रथिनं मोकळी करतं. वाटल्यावर ती चिकट होतात आणि शिजताना एकमेकांना धरून ठेवतात. कापाची पट्टी न तुटता निघते ती याच चिकटपणामुळे. त्यासाठी अंडं लागत नाही. पण वाटताना मिश्रण गरम झालं तर चरबी वितळून मांसावर लेप धरते, प्रथिनं एकमेकांना भेटतच नाहीत आणि ओव्हनमध्ये सगळी चरबी बाहेर वाहून जाते.

१. खिमा ताटात पसरून फ्रीझरमध्ये ३० मिनिटं ठेवा. कडा कडक व्हाव्यात, पण पूर्ण गोठू नये. मिक्सरचं भांडं आणि पातंही फ्रीझरमध्ये ठेवा.

२. खिम्याला फक्त मीठ चोळा. हाताने दोन मिनिटं मळा.

३. लसूण वाटून घाला. मग मसाले, कांद्याचा चोथा, ब्रेडचा चुरा. वरून बर्फाचं गार पाणी २ मोठे चमचे. (पाणी काढा म्हणालो आणि आता घाला म्हणतोय, हे कळतंय. इतकं थोडं, मोजून घातलेलं गार पाणी मिश्रण वाटताना थंड ठेवतं. कांद्याचं पाणी मोजता येत नाही.)

४. आता वाटा. फूड प्रोसेसर असेल तर सोपं आहे. घरचा मिक्सर असेल तर एका वेळी पाव किलोच्या वर नको. बटण उलट्या बाजूला फिरवून थांबत थांबत, पाच-पाच सेकंदांचे झटके द्या. भांडं हाताला कोमट लागलं की थांबा, पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. मिक्सरची मोटर तापते आणि ती ऊब थेट खिम्यात उतरते.

मिश्रणाचा रंग फिकट होतो, दाणे जवळजवळ दिसेनासे होतात आणि भांड्याच्या कडेला ते चिकटायला लागतं. तिथे थांबा.

तपासणी १: लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून बसवा आणि हात उलटा करा. गोळा पडला नाही तर मिश्रण तयार आहे. पडला तर अजून मळा. मिक्सर तापला असेल तर परातीत हाताने.

तपासणी २: छोटी टिक्की करून तव्यावर भाजा आणि चाखा. मीठ कमी-जास्त करायची संधी आता आहे, नंतर नाही. गार मांस गरमपेक्षा अळणी लागतं, म्हणून टिक्की गरमच चाखा. कच्चं मिश्रण चाखू नका.

झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दोन तास तरी हवेत, रात्रभर असेल तर आणखी बरं.

## टप्पा ३: टिनमध्ये भरणं

ब्रेडचा लांबट टिन घ्या. आतून तेलाचा हात फिरवा आणि बटर पेपर असा लावा, की दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर राहतील. मिश्रण मुठीमुठीने घेऊन टिनमध्ये आपटा, ठेवू नका. प्रत्येक थरानंतर ओल्या हाताने कोपऱ्यांत दाबा. शेवटी टिन ओट्यावर चार-पाच वेळा जोरात आपटा. आत हवा राहिली तर नेमकी तिथेच कापाला भोकं पडतात आणि पट्टी तुटते.

टिन नसेल तर मिश्रणाचा जाड लांबट उंडा करा, आधी बटर पेपरमध्ये आणि मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं चॉकलेटच्या कागदासारखी पिळा.

## टप्पा ४: मंद शिजवणं

ओव्हन १६०° से. वर आधी तापवून ठेवा. ओटीजी असेल तर दोन्ही कॉइल चालू, जाळी खालच्या खाचेत. टिन एका मोठ्या ट्रेमध्ये ठेवून ट्रेमध्ये निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी घाला. त्यामुळे कडा आणि मधला भाग जवळपास सारख्या वेगाने शिजतात. एक किलोला ६० ते ७५ मिनिटं लागतात.

पण घड्याळावर विसंबू नका. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा बराच फरक असतो. खुपसायचा थर्मामीटर घ्या. खिमा मध्यभागी ७१° से. झाला की सुरक्षित. मी ७२ ते ७४ दरम्यान बाहेर काढतो. ८० च्या पुढे गेलात की रस गेला.

सावध: अखंड मांस आतून गुलाबी राहिलं तर चालतं, खिम्याला तो नियम लागू नाही. वाटताना पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत पोचलेले असतात. मध्यभाग पूर्ण शिजलाच पाहिजे.

ओव्हन नसेल तर फॉइलमध्ये गुंडाळलेला उंडा कुकरमध्ये शिटी काढून ४५ ते ५० मिनिटं वाफवा. इथून पुढचं सगळं अळूवडीसारखं आहे: उंडे वाफवायचे, पूर्ण गार करायचे, मग कापायचे आणि मग तव्यावर घालायचे. गरम अळूवडी कापायला गेलेल्यांना पुढच्या टप्प्यात मी थांबा का म्हणतो हे वेगळं सांगायला नको.

## टप्पा ५: दाबणं आणि गार करणं

टिन बाहेर काढला की त्यात बाजूने रस आणि चरबी तरंगताना दिसेल. ती वाटीत ओतून ठेवा. फेकू नका, टप्पा ८ मध्ये हीच लागते.

मांसावर फॉइल, त्यावर टिनच्या आत बसेल असा पुठ्ठा किंवा छोटा पाट, त्यावर दीड-दोन किलोचं वजन. डाळीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, काहीही चालेल. पंख्याखाली अर्धा तास ठेवा. मग वजनासकट फ्रिजमध्ये, निदान चार तास.

बाहेर जास्त वेळ ठेवू नका. शिजवलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. स्वयंपाकघर ३२° से. च्या वर तापलेलं असेल तर एका तासात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सावलीतही पारा याच्या बराच वर असतो, तेव्हा तिथे पंख्याखालचा अर्धा तास पुरे.

तपासणी ३: फ्रिजमधून काढलेला ठोकळा बोटाने दाबला तर दबू नये, आणि टिनमधून बटर पेपर धरून उचलला तर मध्ये वाकू नये.

## टप्पा ६: जात्झिकी

आपल्याकडे हा टप्पा सगळ्यांत सोपा असायला हवा, कारण श्रीखंडाचा चक्का करणाऱ्याला निम्मी कृती आधीच येते. तरीही पाण्याची चूक होतेच.

अर्धा किलो साईसकट दही पंच्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर टांगा किंवा चाळणीत ठेवा. बाहेर टांगलं तर आंबट होतं. श्रीखंडात साखर ते झाकते, इथे झाकायला काही नाही. पाव किलोच्या आसपास चक्का मिळेल.

एक मोठी काकडी सोला, उभी कापून बिया चमच्याने काढा, किसा, मीठ लावून १५ मिनिटं ठेवा आणि कांद्यासारखीच पिळा. काकडीचं टोक आधी चाखा. कडू निघाली तर अख्खी बाजूला ठेवा.

चक्का, काकडी, किसलेली एक मोठी लसूण पाकळी, १ छोटा चमचा व्हिनेगर, १ मोठा चमचा ऑलिव्ह तेल. शेपू घालणार असाल तर अगदी चिमूटभर, कारण आपला शेपू उग्र असतो. मीठ शेवटी, चाखून. काकडीत आधीच थोडं आहे. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. लसणाची धार या तासाभरात वाढते, म्हणून सुरुवातीला कमी वाटली तरी दुसरी पाकळी घालू नका.

अमेरिकन फास्टफूडचा पांढरा सॉस हवा असेल तर यात २ मोठे चमचे मेयोनीज आणि पाव छोटा चमचा साखर घाला. तो थोडा पातळ आणि गोडसर असतो. मला तो आवडत नाही, पण नक्कल करायची तर ती अशी होते.

तपासणी ४: चमचा उलटा केला तर सॉस सांडू नये.

## टप्पा ७: पीटा, आणि तो न फुगवणं

फुलके करणाऱ्या हाताला हे जड जातं. यीरोसचा पीटा फुगता कामा नये. फुगला की आत पोकळी होते, दोन पातळ पापुद्रे सुटतात आणि गुंडाळताना फाटतात. बाजारात खिसा असलेला पीटा मिळतो तो हमसला चांगला, यीरोसला नाही.

मैदा ४०० ग्रॅम, कोमट पाणी २५० मिली, सुकं यीस्ट ५ ग्रॅम, साखर १ छोटा चमचा, मीठ ७ ग्रॅम, तेल २ मोठे चमचे. ८ ते १० मिनिटं मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि जरा चिकट राहील. वरून मैदा घालत बसू नका. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, तास-दीड तास.

८ गोळे करा. १० मिनिटं झाकून ठेवा, नाहीतर लाटताना आखडतील. वीतभर रुंद आणि अर्धा सेंटिमीटर जाड लाटा. काट्याने सगळीकडे टोचा. हे टोचणंच फुगणं थांबवतं. मध्यम तापल्या तव्यावर प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं. डाग पडले पाहिजेत, पण कडक होता कामा नये. तव्यावरून काढला की लगेच पंच्यात गुंडाळून एकावर एक रचा. त्यांच्याच वाफेने ते मऊ राहतात.

वेळ नसेल तर पाकिटातला कुलचा हा सगळ्यांत जवळचा पर्याय आहे. पोळी, रुमाली रोटी आणि पराठा यांना मांसाचा रस लागला की त्या लगेच हार मानतात.

## टप्पा ८: काप आणि तवा

ठोकळा फ्रिजमधून काढून २०-३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. धारदार, बिनदात्याच्या लांब सुरीने लांबीच्या दिशेने २ ते ३ मिलिमीटरचे काप घ्या. करवतीसारखी सुरी पृष्ठभाग फाडते. सुरी पुढे-मागे घासू नका, एका दिशेने ओढा.

बिडाचा तवा चांगला तापू द्या. मघाची चरबी एक चमचा घाला. काप एकमेकांना न लागता पसरा. तव्यावर गर्दी झाली तर वाफ धरते आणि काप उकडतात, म्हणजे पुन्हा पहिल्या पानावर. आता हात आवरा. दोन-तीन मिनिटं हलवायचं नाही, उलटायचं नाही. फक्त एकच बाजू खरपूस करायची. दुसरी मऊच राहू द्या. दुकानात शंकूवरून तासलेल्या कापालाही एकच बाजू भाजलेली असते, आणि एका घासात कुरकुरीत-मऊ दोन्ही लागतं ते त्यामुळे. दोन्ही बाजू भाजल्या तर सुक्या मांसाचे तुकडे होतात.

एका रोलला ८० ते ९० ग्रॅम मांस पुरतं. सगळ्यांसाठी एकदम तव्यावर घालून ठेवू नका. ज्याचा रोल तयार होतोय त्याचेच काप तव्यावर हवेत.

## टप्पा ९: रोल बांधणं

कांदा उभा पातळ चिरून थंड पाण्यात ५ मिनिटं, मग निथळून कोरडा. टोमॅटोच्या बिया आणि गर काढा. फ्राइज तळून मीठ लावलेल्या, गरम.

पीट्याला तेलाचा हात लावून काप काढलेल्या तव्यावरच अर्धा मिनिट गरम करा. तव्यात राहिलेली चरबी तो पिऊन घेतो. मग हा क्रम:

१. चौकोनी बटर पेपरवर पीटा.
२. मध्यभागी जात्झिकीचा पट्टा. खालची तीन बोटं जागा मोकळी सोडा.
३. मांस, खरपूस बाजू वर.
४. टोमॅटो, कांदा.
५. ग्रीक पद्धतीचा हवा असेल तर फ्राइज, वर चिमूटभर पॅप्रिका.
६. दोन्ही बाजू आत घ्या, कागद घट्ट गुंडाळा, खालचं टोक पिळून बंद करा.

टोमॅटो खाली आणि सॉस वर घातला की पाणी सरळ पीटात उतरतं. अति भरू नका. पीटा बंद होत नसेल तर भरणं कमी करा, कागदावर जोर काढू नका.

## कापांचा यीरोस, थोडक्यात

कोंबडीच्या बिनहाडाच्या मांड्या घ्या. छातीचं मांस दोनदा शिजून लाकूड होतं. गोव्यात किंवा जिथे चांगलं डुकराचं मांस मिळतं तिथे खांद्याचे अर्धा सेंटिमीटर जाड काप करून घ्या आणि थोडे कुटून सपाट करा.

एक किलोला मीठ १५ ग्रॅम, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, व्हिनेगर २ मोठे चमचे, ओरेगानो, पॅप्रिका, लसूण, मिरपूड आणि मघाशी साठवलेला कांद्याचा रस. चार तास ते रात्रभर मुरवा. मग निथळा. टिनमध्ये काप एकावर एक घट्ट रचा, चरबीचे तुकडे अधूनमधून येतील असे. १८०° से. वर साधारण तासभर, मध्यभाग कोंबडीला निदान ७४° से. झाला पाहिजे, मांडी आणि डुकराचा खांदा ८० च्या आसपास जास्त मऊ लागतात. पुढे तेच: दाबा, गार करा, कापा, एकच बाजू भाजा.

अर्ध्या कांद्यात उभी सळई खोवून त्यावर काप रचायची युक्ती फोटोत छान दिसते. पण घरच्या ओव्हनमध्ये वरचं टोक कॉइलला लागून करपतं आणि तळ कच्चा राहतो. टिन बरा.

ग्रीसमध्ये कोंबडीच्या यीरोसबरोबर बऱ्याचदा जात्झिकीऐवजी मोहरी-मेयोनीजचा पिवळा सॉस देतात आणि थेसालोनिकीकडे केचप-मोहरीही चालते. तेव्हा केचप घातल्याबद्दल घरात कुणी नाक मुरडलं तर हे सांगायला हरकत नाही.

## काय बिघडलं, का बिघडलं

काप तुटतात, चुरा होतो. मीठ कमी, वाटणं कमी, नाहीतर गरम असतानाच कापलं. पहिली दोन कारणं आता दुरुस्त होत नाहीत. तो चुरा तव्यावर परतून पीटात भरा. तिसऱ्यासाठी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा.

टिनमध्ये चरबीचं तळं, मांस कोरडं. वाटताना मिश्रण गरम झालं होतं. पुढच्या वेळी भांडं फ्रीझरमध्ये.

रबरासारखं चिवट. चरबी कमी पडली, किंवा वाटून पार पेस्ट केली.

तव्यावर पाणी सुटतं. कांदा पिळला नव्हता किंवा तव्यावर गर्दी झाली. गर्दी असेल तर निम्मे काप काढून घ्या, आच वाढवा.

पीटा गुंडाळताना चिरतो. तव्याची आच कमी होती, म्हणून तो भाजण्याऐवजी सुकला. किंवा पंच्यात झाकला नव्हता. पाण्याचा हबका मारून झाकणाखाली अर्धा मिनिट गरम केला तर त्यातले बरेच वाचतात.

मांस उरलं. कापलेलं उरवू नका, ठोकळाच उरवा. फ्रिजमध्ये तीन दिवस. त्याहून जास्त ठेवायचं तर कापून, कापांमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेले काप थेट तापल्या तव्यावर टाकता येतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र घालू नका.